शब्दांची गोष्ट : 'बॉस'



मधल्या सुट्टीत "काय बॉस!", "क्या बात है बॉस!" असे उद्गार सारखे कानावर येतात. हा शब्द आपण इंग्रजांचा समजतो. परंतु त्याचे माहेर इंग्लंड नसून हॉलंड आहे.

डच भाषेत 'बास' म्हणजे मालक, कामावर देखरेख करणारा. डच, जर्मन व इंग्रजी या एकाच जर्मॅनिक कुळातल्या भाषा. सतराव्या शतकात डचांनी अमेरिकेत 'न्यू ॲम्स्टरडॅम' वसवले. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते घेतले व 'न्यूयॉर्क' असे नाव दिले. डचांचे राज्य गेले, शब्द मात्र तिथेच राहिले. आपण खातो ती 'कुकी'सुद्धा त्यांचीच!

इंग्रजीत 'मास्टर' हा शब्द असताना 'बॉस' कशाला हवा होता? अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी होती. गुलाम आपल्या धन्याला 'मास्टर' म्हणत. मजुरी घेऊन काम करणाऱ्या गोऱ्या कामगारांना तो शब्द अपमानाचा वाटे. म्हणून ते 'बॉस' म्हणू लागले. जेम्स फेनिमोर कूपर या लेखकाला हे पटले नाही. १८३८ च्या 'द अमेरिकन डेमोक्रॅट' या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे.

पुढे राजकारणातल्या पुढाऱ्यांनाही 'बॉस' म्हणू लागले. न्यूयॉर्कचा 'बॉस ट्वीड' भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध झाला व १८७८ मध्ये तुरुंगात मरण पावला.

आता दुसरी बाजू पाहा. डच लोक दक्षिण आफ्रिकेतही गेले. तिथे कृष्णवर्णीयांना गोऱ्या मालकाला 'बास' म्हणावे लागे. वर्णभेदाची राजवट १९९४ मध्ये संपेपर्यंत हा शब्द त्यांना बोचत राहिला. म्हणजे अमेरिकेत जो शब्द स्वाभिमानासाठी घेतला, तोच आफ्रिकेत लाचारीची खूण ठरला!

यावरून काय शिकायचे? केवळ शब्द बदलून माणसाची स्थिती बदलत नाही. अमेरिकेतले गुलाम 'बॉस' शब्दामुळे नव्हे, तर १८६५ च्या घटनादुरुस्तीने कायद्याने मुक्त झाले. तरीही आपल्याला कोणता शब्द बोचतो हे ओळखणे, ही स्वाभिमानाची पहिली पायरी आहे.

गृहपाठ : 'मालक', 'साहेब' व 'शेठ' हे शब्द कोणत्या भाषांतून आले, ते शब्दकोशात शोधा. 'साहेब'चा मूळ अर्थ 'सोबती' आहे, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल!

– प्राचार्य