कोयत्यापाशी शिकलेलं शरीरशास्त्र

अगं बाय, रडून झालं असेल तर डोळे पूस आणि इकडे बघ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेचं पुस्तक उघडलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. अकरा संस्था, प्रत्येकीचे अवयव, सगळी नावं इंग्रजी, आणि तू मराठी शाळेतून गेलेली. भीती वाटणारच. पण खरं सांगू का, तुझ्या वर्गातल्या किती जणींनी हृदय हातात धरून पाहिलंय? तू मच्छीमार नगरची पोर. आईशेजारी कोयत्यावर बसून मासळी साफ करतच मोठी झालीस. पोटात काय कुठे असतं ते तुझ्या बोटांना ठाऊक आहे, आता त्याला फक्त पुस्तकातली नावं द्यायचीत.

आठव, मोठा मासा फाडताना आई काय ओरडते? ‘पित्त फोडू नको गं!’ फुटलं की मासा कडू. ते हिरवट पाणी यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं आणि खाल्लेल्या चरबीचे बारीक थेंब करतं, म्हणजे पाचकरसांना ती पचवता येते. तुझ्या उजव्या बरगड्यांखाली हेच चाललंय. पुढच्या वेळी आतडी ओढून काढशील तेव्हा लक्षात ठेव, आपलं लहान आतडं सहा-सात मीटर लांब असतं आणि अन्नातलं सत्त्व मुख्यतः तिथेच रक्तात शिरतं. बघ, पचनसंस्थेचं निम्मं प्रकरण झालं की.

कल्ले लालभडक असले की गिऱ्हाईक मासळी ताजी म्हणून घेतं. तो लाल रंग रक्ताचा. कल्ल्यांतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत पाण्यातला ऑक्सिजन शिरतो. आपल्याकडे तेच काम फुप्फुसांतले कोट्यवधी वायुकोश करतात. आणि घोळ माशाची ती महागडी बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, असते ना, जिच्यासाठी लिलावात बोली चढत जाते, ती माशाला पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत ठेवते. उत्क्रांतीच्या हिशेबात ती आपल्या फुप्फुसांची नातलग. हे परीक्षेत येणार नाही, पण तुला आवडेल म्हणून सांगितलं.

आता हृदयाकडे ये, इथे मी तुला घाई करू देणार नाही. कल्ल्यांच्या मागे, खालच्या बाजूला माशाचं इवलंसं हृदय असतं. त्याला एक अलिंद, एक निलय. रक्त हृदयातून कल्ल्यांकडे, तिथून सगळ्या अंगाला, मग परत. एका फेरीत हृदयातून एकदाच जातं. आपल्याला चार कप्पे, आणि रक्त एका फेरीत हृदयातून दोनदा जातं. बोट छातीवर ठेवून वाट म्हण: उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, मग महाधमनी आणि सगळं शरीर. हृदयापासून लांब नेते ती धमनी, रक्त कसलंही असो. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तिथेच मुली फसतात. तू फसायचं नाहीस.

हृदयाचं निघालंच आहे तर हेही ऐक. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 ला भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. जगातलं पहिलं केप टाउनला होऊन तीन महिनेही झाले नव्हते. आपल्या इथला रुग्ण काही तासच जगला. आज हृदय बदलण्याआधी रुग्णाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब मोजतात, कारण तो फार जास्त असला तर चांगलं धडधाकट नवं हृदयसुद्धा त्यापुढे थकतं. म्हणून सांगते, रक्ताभिसरण एका वहीत आणि श्वसन दुसऱ्या वहीत असं करू नकोस. मी तर म्हणेन अकरा वेगळी प्रकरणं पाठ करणंच चूक आहे. माणूस काय करतोय ते धर आणि त्याच्या मागे जा.

आईलाच घे. पहाटे ससून डॉकवर बर्फाने भरलेली पाटी डोक्यावर घेते. मेंदूतून हुकूम सुटतो, स्नायू आवळतात, मानेचे मणके भार झेलतात. अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, ठोके वाढतात, श्वास भराभर चालतो. अंग तापलं की त्वचा घाम सोडते. घामात पाणी गेलं की मेंदूतून मूत्रपिंडांना निरोप जातो, पाणी राखा. एका पाटीत किती संस्था आल्या, मोज आणि वहीत लिही.

आणि मूत्रपिंडांशी आलोच आहोत तर थांब जरा. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर तेवढी लघवी होते. हा आकडा तू पाठ करशील गं, पण बाजारात बसणाऱ्या आपल्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जायला धड जागा नसते. तासन् तास लघवी दाबून धरायची, घोटघोट चहावर दिवस काढायचा. अशाने मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो, आणि बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. मला याचा फार राग येतो. अंगावर काढणं हा बाईचा गुण नाही.

तेव्हा उत्सर्जन संस्थेचा अभ्यास आईपासूनच सुरू कर. लघवीला जळजळ होते का, वारंवार जावं लागतं का, हे लाजू न देता विचार. सोबत थंडी वाजून ताप असेल, कमरेच्या वर पाठीत दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, घरगुती काढा नाही. सकाळी निघताना पाण्याची बाटली तूच भरून पाटीत ठेव, आणि बाजाराजवळ बरं शौचालय कुठे आहे ते तिच्याबरोबर जाऊन बघून ये.

रविवारी पुस्तक घेऊन माझ्याकडे ये. रीनल म्हणजे मूत्रपिंडाचं, हिपॅटिक म्हणजे यकृताचं, पल्मोनरी म्हणजे फुप्फुसाचं, अशी पन्नासेक नावं देवनागरीत लिहून काढू. येताना एक अख्खा बांगडा आण, न कापलेला.