माझा छंद : जुन्या वस्तू आणि एक वही



फावल्या वेळात मनाला आवडणारे, कुणी न सांगता आपण होऊन केलेले काम म्हणजे छंद. आपल्या वर्गातच पाहा ना. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी पतंग करतो, कुणाला रांगोळीचा नाद, तर कुणी चिंचोक्यांचे डाव मांडून बसते. व्यक्ती तितक्या प्रकृती! माझा छंद आहे जुन्या वस्तू जमवण्याचा. तो मला कसा लागला, त्यातून मी काय शिकले आणि माझी कोणती चूक झाली, ते या लेखात सांगणार आहे.

खरे म्हणजे आधीपासूनच मी काहीबाही जमवत असे. काड्यापेटीवरची चित्रे, मोराची पिसे, नदीतले गोल दगड, जुनी नाणी. सगळे एका डब्यात कोंबलेले. आई म्हणायची, "काय हा कचरा गोळा केलायस!" आणि तेव्हा तो कचराच होता, कारण त्यातल्या एकाही वस्तूची मला धड माहिती नव्हती.

मग आमची सहल पुण्याला गेली. शनिवारवाडा पाहून झाल्यावर गुरुजींनी आम्हाला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. मला वाटले होते, तिथे राजांचे मुकुट नि सोन्याची सिंहासने असतील. आत जाऊन पाहते तर काय, अडकित्ते! एकाचा घाट दुसऱ्यासारखा नाही. पाय घासायच्या पितळी वज्र्या, दौती, फण्या, लाकडी दरवाजे, वाद्ये, लहान मुलांची खेळणी आणि दिवे तर किती तऱ्हेचे! मी मैत्रिणीला म्हटले, "अगं, असला अडकित्ता आमच्या आजीच्या चंचीत आहे." ती म्हणाली, "आमच्याकडं पण होता, पण हरवला."

गुरुजींनी तिथेच आम्हाला माहिती सांगितली. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. लोक त्यांना काकासाहेब म्हणत. घरचा धंदा चष्म्यांचा. ते कविताही लिहीत आणि त्यासाठी त्यांनी 'अज्ञातवासी' हे नाव घेतले होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. गावोगाव हिंडून त्यांनी वस्तू मिळवल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचीही त्यांना साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला राजाचे नाव दिले. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९९० साली काकासाहेब वारले. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे २,५०० मांडून ठेवलेल्या असतात.

एका माणसाच्या छंदातून एवढे मोठे काम झाले! पण मला जास्त नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या वस्तू राजवाड्यातल्याच नव्हत्या. कितीतरी साध्या घरांतल्या, रोजच्या वापरातल्या होत्या. म्हणजे आपल्याही घरातल्या!

घरी आल्याबरोबर मी आजीला गाठले. म्हटले, "आजी, आपल्याकडं जुनं काय काय आहे?" आजी हसली. "पोरी, मीच आहे की जुनी! बाकीचं माळ्यावर बघ."

माळ्यावर चढले. एक फुटका कंदील, लाकडी रवी, विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणि पितळेची तीन लहान भांडी मिळाली. मला वाटले भातुकलीतली असतील. आजी म्हणाली, "अगं, ही मापं. हे मापटं, हे चिपटं आणि हे बारकं कोळवं. आमच्या वेळेला धान्य तोलून नव्हे, मापून घेत." मग तिने मला सगळा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला. तो मी इथे लिहिते :

२ कोळवी = १ चिपटे
२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
२ शेर = १ अधोली
२ अधोल्या = १ पायली
१६ पायल्या = १ मण
२० मण = १ खंडी

कुठे कुठे १२ पायल्यांचाही मण धरत, असेही ती म्हणाली. आता गणित करून पाहा. एका पायलीत किती कोळवी? ३२! पायलीपर्यंतचे सगळे आकडे दुपटीने वाढतात, त्यामुळे शाळेत न गेलेल्या आजीलाही हिशेब अवघड गेला नाही. निम्मे करायचे की दुप्पट करायचे, एवढेच ध्यानात ठेवायचे.

मी खरे-खोटे करून पाहिले. चिपटे ज्वारीने काठोकाठ भरून दोनदा मापट्यात ओतले. मापटे बरोबर भरले! नंतर मापटाभर ज्वारी पिशवीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर नेली. ती ३५० ग्रॅमच्या आसपास भरली. सुट्टीत मामाच्या गावी गेले तेव्हा तिथल्या मापट्यानेही ज्वारी मोजली, तर ती ३१० ग्रॅमच! मला वाटले माझेच चुकले. पुन्हा मोजले, तरी तेवढीच. मामा म्हणाले, "गावागावाचा शेर निराळा असायचा. म्हणून तर घेणारा नि देणारा भांडायचे."

गुरुजींना विचारल्यावर त्यांनी याचा उलगडा केला. साऱ्या देशात मापे एकसारखी असावीत म्हणून १९५६ साली कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली, नंतर लिटरही आले. मग शेर, पायली बाजारातून गेली. पण बोलण्यातून काही गेली नाहीत. आपण अजून पाव किलोला पावशेर म्हणतो. कुणी वरचढ भेटला की म्हणतो, शेरास सव्वाशेर.

नाण्यांचेही तसेच. माझ्या डब्यात मधोमध भोक असलेला एक पैसा होता. तो १९४३ ते १९४७ या काळातला असतो. आजीच्या आईने असले पैसे दोऱ्यात ओवून ठेवले होते म्हणे. तेव्हा ३ पैंचा एक पैसा, ४ पैशांचा एक आणा आणि १६ आण्यांचा एक रुपया असे. म्हणजे रुपयाचे पैसे ६४. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पै गेली, पण 'पै पै करून जमवले' असे आपण म्हणतोच. 'सोळा आणे खरे' म्हणजे पूर्ण खरे का, तेही मला तेव्हा कळले.

एका डब्यातून गणित, इतिहास आणि भाषा असे तीन विषय निघाले!

आता दुःखाची गोष्ट सांगते. मी आजीला विचारले, "मापटं, चिपटं, कोळवं आहे, मग शेर, अधोली नि पायली कुठं आहेत?" आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन वर्षांखाली भांडीवाला आला होता. तुझ्या आईनं ती मोडीत घातली नि स्टीलची पातेली घेतली." आईला वाईट वाटले. ती म्हणाली, "मला काय ठाऊक, पुढं कुणाला लागतील! घरात पातेली नव्हती." आईचे चुकले असे मी म्हणणार नाही. स्वयंपाक पातेल्यात होतो, पायलीत नाही. पण मोडीत घालण्यापूर्वी त्या पायलीचे चित्र काढून ठेवले असते, ती कुणी घेतली, किती वर्षे वापरली ते लिहून ठेवले असते, तर वस्तू गेली तरी माहिती राहिली असती.

त्या दिवसापासून मी वही केली.

पण माझीही एक चूक झाली. आमच्या गोठ्याच्या आढ्यात मला एक लाकडी वस्तू सापडली. बाभळीच्या लाकडाची, हातभर लांब, मधे खाच आणि एका टोकाला भोक. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. त्यातून दोर जात असणार, एवढे मी ओळखले. आजीला विचारले. ती म्हणाली, "गड्यांच्या कामाचं दिसतंय. शेजारच्या तात्यांना विचार. त्यांनी मोट हाकली आहे." मी तात्यांकडे गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. वस्तू हातात घेऊन त्यांनी फिरवली, हसले आणि म्हणाले, "अरे वा, ही कुठं गावली तुला? निवांत ये पोरी, सगळं सांगतो. वही घेऊन ये."

मी "उद्या येते" म्हणून आले. दुसऱ्या दिवशी खेळायला गेले. मग घटक चाचणी आली, मग पाऊस सुरू झाला. उद्या-परवा करता करता महिना गेला. श्रावणात तात्या वारले.

माझ्या वहीत त्या वस्तूचा क्रमांक १७ आहे. पुढे 'उपयोग' असे लिहून जागा कोरी सोडली आहे. मी चारपाच जणांना विचारले. कुणी म्हणतात मोटेचे, कुणी म्हणतात गाडीचे. खात्रीने कुणी सांगत नाही. वस्तू माझ्याजवळ आहे, पण ती काय आहे ते सांगणारे माणूस नाही. मला एक महिना मिळाला होता, तो मी घालवला.

म्हणून मित्रांनो, मला असे वाटते की नुसते जमवणे म्हणजे छंद नव्हे. विचारणे आणि लिहून ठेवणे हा खरा छंद. वस्तू माळ्यावर वाट पाहते, माणूस पाहत नाही.

तुम्हाला हा छंद लावून घ्यायचा असेल तर खर्च काही नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा दोरा पुरे. माझ्या अनुभवावरून काही नियम सांगते.

१. वस्तू मिळाली की त्याच दिवशी वहीत लिहा : वस्तूचे नाव, ती कशाची केली आहे, कुणाच्या घरची, उपयोग काय, माहिती कुणी सांगितली, आणि तारीख. शेजारी चित्र काढा, लांबी-रुंदी पट्टीने मोजा.

२. वस्तूवर डिंकाने कागद चिकटवू नका. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा.

३. जुनी नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. मी एक घासले, तर त्यावरची अक्षरेच पुसट झाली. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, एवढेच.

४. वस्तू मागितल्याशिवाय घेऊ नका. देवघरातल्या वस्तूंना हात लावू नका. कुणी देत नसेल तर नुसते चित्र नि माहिती घेऊन या. तीही संग्रहातच जमा.

५. नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेली जुनी नाणी, दागिने सापडले तर ते आपले समजून ठेवू नयेत. त्याबद्दल १८७८ सालचा कायदा आहे. घरच्या मोठ्या माणसांनी ते सरकारला कळवायचे असते.

६. सर्वांत महत्त्वाचे : गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे सर्वांत आधी जा. आणि "उद्या येते" म्हणू नका.

माझ्या वहीत आतापर्यंत ३१ वस्तू झाल्या आहेत. त्यांतल्या १२ माझ्याजवळ नाहीत, फक्त वहीत आहेत. पायलीचाही क्रमांक आहे. आजीने डोळे मिटून तिचे वर्णन सांगितले : काठाला दोन गोल रेघा आणि बुडाला पोचा. त्यावरून मी चित्र काढले. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "अगदी अश्शीच होती." आता घरी भांडीवाला आला की आई मला आधी हाक मारते, "वही आण गं!"

पालकहो, तुम्हाला एक विनंती. घरातली जुनी वस्तू मोडीत घालायची असेल तर जरूर घाला, पण त्याआधी एक दिवस तुमच्या मुलाला ती दाखवा आणि दोन शब्द सांगा. तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

आणि आणखी एक. या भित्तिपत्रकाच्या खाली बाकावर मी क्रमांक १७ ची वस्तू ठेवली आहे. हातात घेऊन बघा. तुमच्यापैकी कुणी मोट हाकली असेल, गाडी जुंपली असेल, किंवा तुमच्या वडिलांकडे अशी वस्तू पाहिली असेल, तर कृपा करून सातवीच्या वर्गात येऊन सांगा. मी वही घेऊन बसले आहे. आज, आत्ताच सांगा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी