स्प्रिंग, घर्षण आणि ऊर्जेचा जमाखर्च

बोरिवलीहून निघालेली धीमी लोकल अंधेरी गाठेपर्यंत कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी आणि शेवटी अंधेरी अशी सहा वेळा थांबते. प्रत्येक स्थानकातून निघताना विजेने तिला वेग दिला जातो आणि पुढच्या स्थानकात ब्रेक लावून तो काढून घेतला जातो. काढून घेतलेला हा वेग जातो कोठे, या प्रश्नाचे उत्तर ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात आहे. इयत्ता नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठात हा नियम येतो आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो तोंडपाठही असतो. मात्र उदाहरणात स्प्रिंग आणि घर्षण एकत्र आले, की तोच विद्यार्थी अडखळतो.

या अडखळण्याचे कारण बहुधा शिकवण्यातच असते. ‘घर्षण असल्यास ऊर्जा टिकत नाही’ असे विधान वर्गात सहज केले जाते. ते अर्धवट आहे. घर्षणामुळे कमी होते ती यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज. कमी झालेला भाग उष्णतेच्या रूपाने शिल्लकच असतो. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४० नंतरच्या दशकात हे प्रयोगाने दाखवून दिले. खाली उतरणाऱ्या वजनाने पाण्यातील पाती फिरवली असता पाणी किंचित तापते, आणि किती कार्यामागे किती उष्णता हे प्रमाण ठरलेले असते. तेव्हा घर्षण आले म्हणून नियम सोडून द्यावयाचा नाही. जमाखर्चात खर्चाचा एक रकाना वाढवावयाचा, इतकेच.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही रीत परिचित आहे. आरंभीची शिल्लक आणि वर्षभराचा खर्च ठाऊक असेल तर अखेरची शिल्लक सांगता येते. पैसा कोणत्या दिवशी कोणाच्या हाती गेला हे त्यासाठी पाहावे लागत नाही. या हिशेबात स्प्रिंग म्हणजे मुदत ठेव होय. तिच्यात ठेवलेली ऊर्जा परत मिळते. घर्षण हा मात्र निव्वळ खर्च आहे.

एक उदाहरण पाहू. २ किलोग्रॅमचा लाकडी ठोकळा सपाट टेबलावर सेकंदाला ३ मीटर वेगाने येऊन भिंतीला लावलेल्या स्प्रिंगवर आदळतो. स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला ४०० न्यूटन आहे. घर्षणाचा गुणांक ०.२५ असून गुरुत्व त्वरण १० धरावयाचे आहे. स्प्रिंग किती दबेल?

न्यूटनच्या नियमांनी हे सोडवू गेल्यास अडचण येते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दबते तितके तिचे बल वाढते. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला त्वरण निराळे. शाळेतील सूत्रे स्थिर त्वरणासाठी असल्याने येथे चालत नाहीत. ऊर्जेचा हिशेब मात्र सरळ आहे. आरंभीची गतिज ऊर्जा ½ × २ × ९ = ९ ज्यूल. घर्षणाचे बल ०.२५ × २० = ५ न्यूटन, म्हणजे दर मीटरला ५ ज्यूल खर्च. ठोकळा थांबतो त्या क्षणी ९ ज्यूलपैकी काही स्प्रिंगमध्ये असतील आणि उरलेले उष्णतेत गेले असतील. दाब ०.२ मीटर असल्यास स्प्रिंगमधील ऊर्जा ½ × ४०० × ०.०४ = ८ ज्यूल आणि घर्षणाचा खर्च ५ × ०.२ = १ ज्यूल. बेरीज ९. उत्तर २० सेंटिमीटर. (वर्गसमीकरण मांडले तरी हेच धन उत्तर मिळते.)

खरी परीक्षा यापुढे आहे. स्प्रिंग ठोकळ्याला परत ढकलते तेव्हा त्याचा वेग किती? येथे अनेक विद्यार्थी ‘दिशा उलटली’ म्हणून घर्षणाचा १ ज्यूल जमेस धरतात आणि पुन्हा ९ ज्यूल आणतात. घर्षण गतीच्या दिशेप्रमाणे स्वतःची दिशा बदलते. जाताना वसुली करते, तशी येतानाही करते. म्हणून ८ वजा १, म्हणजे ७ ज्यूल उरतात आणि वेग सेकंदाला सुमारे २.६५ मीटर होतो. स्प्रिंग सोडल्यावर ठोकळा ७ भागिले ५, म्हणजे १.४ मीटर सरकून थांबतो. आता एकूण वाटचाल मोजावी: ०.२ अधिक ०.२ अधिक १.४, म्हणजे १.८ मीटर. तिला ५ ने गुणले की बरोबर ९ ज्यूल येतात. आरंभीची सगळी ऊर्जा अखेर घर्षणानेच नेली. स्प्रिंगने ती काही काळ सांभाळली. उत्तराचा हा ताळा विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावा. दुसरी नेहमीची चूक अंतर कोठून मोजावयाचे याची. दाबलेली स्प्रिंग सोडून ठोकळा सरकवण्याच्या उदाहरणात घर्षण सुटल्या क्षणापासूनच लागते, म्हणून अंतर स्प्रिंगच्या मूळ टोकापासून न मोजता दाबलेल्या स्थितीपासून मोजावे.

हा हिशेब टेबलापुरता नाही. २८ जून २०१५ रोजी भाईंदरहून आलेली लोकल चर्चगेटला वेळीच न थांबता रुळांच्या अखेरीस असलेल्या बफरवर आदळली आणि तिचा पुढील डबा फलाटावर चढला. काही जण जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. बफरकडून कितीशी अपेक्षा करता येते हे आकडे सांगतात. हिशेबाच्या सोयीसाठी गाडी ५०० टनांची धरली, तर सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा १० लाख ज्यूल असते. बफर १ मीटर मागे सरकणारा असेल तर त्याला सरासरी १० लाख न्यूटन, म्हणजे सुमारे १०० टन वजनाइतके बल सोसावे लागेल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते आणि तेवढ्याच बलाने थांबवण्यास ४ मीटर लागतात. तिप्पट झाला की ९ मीटर. माणसाच्या चालीपेक्षा थोड्या अधिक वेगाला पुरणारा बफर सायकलच्या वेगाला अपुरा पडतो. शिवाय बफरमध्ये नुसती स्प्रिंग असून भागत नाही. ती सर्व ऊर्जा परत करून गाडीला मागे ढकलील. म्हणून तेल अरुंद छिद्रातून दाबून किंवा घर्षणाने ऊर्जा मुद्दाम खर्ची घालावी लागते.

रुळांवरही वर्गाचाच नियम चालतो. चाक आणि रूळ यांच्यातील पकडीचा गुणांक ०.१ धरला, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी ५० मीटरांत आणि ७२ किलोमीटर वेगाची २०० मीटरांत थांबेल. पावसाने पकड निम्मी झाली तर याच २०० चे ४०० मीटर होतात, आणि बारा डब्यांची लोकल स्वतः सुमारे अडीचशे मीटर लांब असते. या अंतरात गाडीचे वजन येत नाही, कारण ते समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. ओव्हरलोड ट्रकच्या ब्रेकविषयी बोलताना मात्र हे वाक्य जपून वापरावे. तेथे ब्रेक तापून निकामी होण्याचा प्रश्न वेगळा आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. तीच ५०० टनांची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे १५½ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. बोरिवली ते अंधेरी सहा थांबे म्हणजे ९३ युनिटांच्या आसपास. जुन्या गाड्यांत ती ब्रेकच्या घर्षणाने हवेत उष्णता होऊन जात असे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाखाली २००७ पासून आलेल्या गाड्यांत थांबताना मोटारच जनित्राचे काम करते आणि वीज वरच्या तारेत परत सोडते. ती जवळपासच्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. सर्व ऊर्जा अर्थातच परत येत नाही; पण खर्चाच्या रकान्यातील एक भाग ठेवीच्या रकान्यात गेला, असे म्हणता येईल.

शाळेत प्रयोगशाळा नसली तरी शिक्षकांना हा पाठ करून दाखवता येतो. लाकडी ठोकळा, ताणकाटा, मोजपट्टी आणि दाबता येईल अशी एक घट्ट स्प्रिंग पुरेशी आहे. ताणकाट्याने ठोकळा संथपणे ओढला की घर्षणाचे बल काट्यावरच वाचता येते. स्प्रिंगवर ठराविक वजने ठेवून ती किती दबते हे पाहिले की स्थिरांक मिळतो. मग ठोकळा स्प्रिंगला टेकवून ती प्रथम २ आणि नंतर ४ सेंटिमीटर दाबून सोडावी. ठोकळा स्प्रिंगला चिकटवू नये. अंतर दुप्पट होईल असे वर्गातील बहुतेक मुले आधी सांगतात. मोजपट्टीवर ते जवळपास चौपट भरते.