वह्या जाळल्यास म्हणे?

बीरगांव, रायपूर

चि. बंड्या,

ताईचा फोन आल्यापासून मामाचं डोकं ठिकाणावर नाही. संपादकानं तिसरं व्यंगचित्र परत केलं म्हणून तू सगळ्या वह्या बंबात घातल्यास, असं ती रडत सांगत होती. खरं का रे? ताई राईचा पर्वत करते, हे मामा जाणतो. पण तुझ्या आजोबांनी रागाच्या भरात पेटी विकली आणि पुढं जन्मभर टेबलावर बोटं वाजवत बसले, हेही त्यानं पाहिलंय.

कलावंत तापटच असतो, असं म्हणे तू तिला सुनावलंस. असू दे की! आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला, लागते ती प्रतिभा नाही म्हणून. ते मैसूरला पदवीधर झाले, मुंबईत फ्री प्रेस जर्नलमध्ये बाळ ठाकऱ्यांच्या जोडीनं चित्रं काढू लागले. कम्युनिस्टांची टिंगल नको, असं मालकानं बजावलं तेव्हा नोकरीवर लाथ मारून निघाले आणि टाइम्समध्ये रुजू झाले. 1951 पासून त्यांचा चौकटीच्या कोटातला कॉमन मॅन रोज तिथं दिसू लागला. ठाकरेही फ्री प्रेसमधून बाहेर पडले आणि 1960 साली त्यांनी ‘मार्मिक’ साप्ताहिक काढलं. पक्षाघातानं 2003 साली डावी बाजू गेली, तरी लक्ष्मण काढत राहिले. यांपैकी कुणी बंब पेटवल्याचं मामाच्या ऐकिवात नाही.

निदान निळी वही तरी वाचली ना?

आता थोडं कडू ऐक. परत आलेल्या चित्राचा फोटो ताईनं पाठवला. पुढाऱ्याच्या तोंडी सहा ओळी! शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ आठव: तरुणीच्या साडीवर उंदीर, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं. शब्द एकही नाही. संपादकाला शिव्या घालण्याआधी त्या सहा ओळी खोडून बघायच्या होत्यास.

तुझ्या चित्रातला मागचा चहावाला मात्र फक्कड उतरलाय. किटली कलती, नजर पुढाऱ्याच्या खिशाकडं आणि चहा चालला बशीबाहेर. मामा दोनदा हसला. मामीला दाखवला, तीही हसली.

इथल्या उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यात असताना मामा पाळीच्या चिठ्ठ्यांमागं फोरमन रेखाटायचा. ‘कार्टून वॉच’ 1996 पासून निघतं, आख्खं मासिक व्यंगचित्रांचं, तेही आपल्या रायपुरातून. मामानं तिथं एक चित्र पाठवलं नाही. परत आलं तर काय, या धास्तीनं. तुझी तीन परत आली बाबा, म्हणजे तीन पाठवलीस तरी!

खरंच जाळल्यास का रे सगळ्या?

बरं, राहू दे. दिवाळीला इकडं ये. गच्चीवरची खोली रिकामी आहे. कारखान्यांची काजळी बसते, तेवढे कागद झाकून ठेवायचे. मामी आता झकास छत्तीसगडी फरा करते. वही उरली असेल तर आण, नसली तरी ये. शाई-कागदाला थोडे पैसे पाठवलेत, ताईला बोलू नकोस.

तुझा,
मामा