रोगाची वर्दी

शेजारी आग लागली तर आपण हाकाटी करतो. घरात सांसर्गिक रोग शिरला की मात्र दार लावून घेतो. “लोक काय म्हणतील?” ही भीती! या भीतीपायी रोग कसा बळावतो, याचे उदाहरण इतिहासात आहे.

गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस मुंबईत वैद्यकी करीत व महापालिकेचे सभासदही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना त्यांना प्लेगची लक्षणे दिसली. त्यांनी ती गोष्ट तत्काळ महापालिकेच्या कानी घातली. प्रथम काहींनी शंका घेतली. पुढे इतर तज्ज्ञांच्या तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले.

१८९७ मध्ये साथरोग कायदा झाला व सरकारला मोठे अधिकार मिळाले. परंतु घरांची झडती होऊ लागली, रुग्णांना बळाने हलविण्यात येऊ लागले. पुण्यात तर सोजीर घराघरांत शिरले. परिणामी लोक आजारी माणसेच नव्हे, तर मृत्यूदेखील लपवू लागले. ज्या कायद्याने रोग उघडकीस यावयाचा, त्याच्या अंमलातील कठोरपणानेच तो दडविला गेला.

आजही काही रोगांची वर्दी देणे कायद्याने बंधनकारक आहे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती खाजगी डॉक्टरांनीही आरोग्य अधिकाऱ्यास कळवावी, असा आदेश केंद्र सरकारने २०१२ मध्ये काढला. यात रुग्णाला शिक्षा करण्याचा हेतू नसतो. त्याचे औषध अर्ध्यावर सुटू नये आणि घरातील इतरांची तपासणी व्हावी, हा हेतू असतो. पटकीची वर्दी मिळाली तर विहिरीचे पाणी तपासता येते; हिवतापाची मिळाली तर डासांची पैदास रोखता येते. देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात नव्या रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस दिले जाई. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळलेला नाही.

म्हणून दोन कर्तव्ये ध्यानी धरा. घरात ताप, जुलाब वा दीर्घकाळचा खोकला असेल तर तो लपवू नका; वडीलधाऱ्यांना सांगून डॉक्टरांकडे जा. आणि दुसऱ्याच्या घरचा आजार कळला तर त्याचा गावभर बोभाटा करू नका. वर्दी द्यावयाची ती आरोग्य अधिकाऱ्याकडे, चव्हाट्यावर नव्हे. शेजाऱ्यांच्या तोंडाची धास्ती नसेल, तरच रुग्णाच्या घरचे दार डॉक्टरांसाठी वेळेवर उघडेल.