मरीचीजवळचा दूरचा दिवा

मंडळी, सणाला आपण घरोघरी दिवे लावतो. आज अशा एका दिव्याची ओळख करून घेऊ, ज्याचा उजेड आपल्याकडे यायला निघाला तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता!

सप्तर्षी सर्वांच्या ओळखीचे. पतंगाच्या शेपटीच्या टोकाचा तारा म्हणजे मरीची. हात लांब करून तीन बोटे आडवी धरली की जेवढे अंतर होते, साधारण तेवढे मरीचीपासून दूर, भूतप तारकासमूहात, ‘३सी २९५’ ही दीर्घिका आहे. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९५९ साली रेडिओलहरी पाठवणाऱ्या स्रोतांची तिसरी यादी प्रसिद्ध केली, त्यातली ही २९५ क्रमांकाची नोंद.

रेडिओ दुर्बिणीला आवाज ऐकू येत होता, पण बोलतंय कोण? केंब्रिज आणि कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅली येथून जागा नेमकी कळली. मग १९६० साली पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी त्या अंधूक ठिपक्याचा वर्णपट घेतला. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ते १९३५ साली अमेरिकेत आले होते. आता वय ६५, निवृत्ती दारात आणि वेधशाळेतला हा त्यांचा शेवटचा वेध!

वर्णपटात त्यांना ऑक्सिजनची एक रेषा दिसली. प्रयोगशाळेत ती ३७३ नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात असते. इथे ती ५४५ नॅनोमीटरवर, हिरव्या रंगात सापडली. विश्व प्रसरण पावते, तशी वाटेतल्या प्रकाशाची लहरही ताणली जाते. ही लहर ४६ टक्के लांबली होती. आजच्या हिशेबाने तो प्रकाश सुमारे ५ अब्ज वर्षे प्रवास करून आला. त्या काळी एवढी दूरची दीर्घिका कोणी पाहिलीच नव्हती. दूरच्या दीर्घिकेचा हा विक्रम पुढे दहा वर्षांहून अधिक टिकला.

ही दीर्घिका लंबवर्तुळाकार आहे. आपल्या आकाशगंगेसारखे सर्पिल हात तिला नाहीत. अशा दीर्घिकांत बहुतेक तारे वृद्ध असतात, नवे तारे फारसे जन्मत नाहीत. ती एका मोठ्या दीर्घिकासमूहाच्या मध्यभागी आहे. तिच्या गाभ्यातील कृष्णविवराजवळून निघणारे झोत रेडिओलहरींना कारणीभूत आहेत.

मुले मला हमखास विचारतात, “ती आत्ता तिथे आहे का?” मी सांगतो, आपल्याला दिसते ते तिचे ५ अब्ज वर्षांपूर्वीचे रूप. आजचा तिचा प्रकाश अजून वाटेतच आहे.

उत्तर गोलार्धात राहणाऱ्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला, अंधार पडल्यावर, मुलांना घेऊन वायव्येकडे पाहावे. ती दीर्घिका साध्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण मरीची नक्की दिसेल. तिथे तीन बोटे धरा आणि मुलांना ही गोष्ट सांगा.