मार्गदर्शकांना नुसत्या नावाने हाक मारावी का?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेली आहे. तिचे मार्गदर्शक साठीचे आहेत, पण ई-मेलखाली नुसतं ‘मार्क’ लिहितात. तसं म्हणायला तिची जीभ रेटत नाही. ‘मार्क सर’ म्हटलं तर चालेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : कोणी रागावणार नाही, पण नुसतं ‘मार्क’ हेच योग्य. ब्रिटिश विद्यापीठांत पहिल्या पत्रात ‘डिअर डॉक्टर’ किंवा ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव लिहावं. त्यांनी उत्तराखाली नुसतं नाव लिहिलं, की तशी हाक मारायला परवानगी मिळाली असं समजायचं.

‘सर’ तिथे नावाला जोडला, की तो किताब होतो. १७०५ साली न्यूटनला नाइट केलं, तेव्हापासून तो ‘सर आयझॅक’. ‘मिस्टर’ लागतो आडनावाला, म्हणून ‘मिस्टर मार्क’ही नको. बाईंना लिहिताना त्यांचं लग्न झालंय का, याची चौकशी करावी लागत नाही. ‘मिझ’ आणि आडनाव पुरतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे संबोधन १९८६मध्ये स्वीकारलं. ब्रिटनमध्ये सर्जनला मात्र ‘डॉक्टर’ऐवजी ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणतात. पूर्वी सर्जन विद्यापीठाची पदवी न घेता उमेदवारी करून शिकत, त्या काळापासूनची ही रीत आहे.

मग आदर दाखवायचा कुठे? विनंती करताना. आपण ‘तुम्ही’ म्हटलं, की अर्धं काम होतं. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना ‘यू’ एकच. त्यामुळे तिथे वाक्याची ठेवण फार महत्त्वाची. ‘सर, प्लीज सेंड मी द लेटर बाय मंडे’ यात ‘सर’ आहे, ‘प्लीज’ आहे, तरी ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. ‘मार्क, वुड यू बी एबल टू सेंड द लेटर बाय मंडे?’ यात त्यांना ‘जमणार नाही’ म्हणायची मोकळीक आहे. ही मोकळीक देणं म्हणजेच तिथला मान. सुरुवातीचं ‘काइंडली’ही टाळावं, ते नोटिशीच्या भाषेसारखं कोरडं लागतं.

नाव तोंडात रुळेपर्यंत तिने भेटीत ‘गुड मॉर्निंग, डू यू हॅव अ मिनिट?’ अशी सुरुवात करावी. नाव न घेताही हे पूर्ण सभ्य आहे. आणि पत्राखाली तिनेही आपल्याला जे म्हणावंसं वाटतं तेच नाव लिहावं, म्हणजे त्यांनाही अडचण पडणार नाही.